न बांधलेल्या घराची गोष्ट

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी किंचित संक्षिप्त करून)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा आम्हास सराव नाही. आमचे सारे आयुष्य संगणकाच्या पडद्यासमोर, खिडकीचे पडदे ओढून घेतलेल्या खोलीत गेले. तरीही संस्थेने आठवण ठेवून बोलाविले, ह्याबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. चिटणीसांनी पत्रात एवढेच लिहिले होते की, "आपल्या धंद्याविषयी बोला, पण घरच्या मंडळींना कळेल असे बोला." ती आज्ञा पाळण्याचा यथाशक्ती प्रयत्न करतो.

आमचा धंदा थोडक्यात असा. वास्तुविशारद इमारतीचा नकाशा काढतात. त्यात रेघा असतात, मापे असतात, परंतु सामान्य माणसास त्यावरून घर दिसत नाही. त्या रेघा आम्ही संगणकात घेतो, भिंतींना जाडी देतो, लाकडाला लाकडाचा व काचेला काचेचा गुण देतो, आकाशात सूर्य ठेवतो, आणि मग यंत्राकडून असे चित्र करून घेतो की पाहणाऱ्यास वाटावे, हे छायाचित्रच आहे. ह्या क्रियेस धंद्यात 'रेंडरिंग' म्हणतात. जे अजून नाही ते दाखविणे, हे आमचे काम. म्हणजे आम्ही चित्रकार कमी आणि गोष्ट सांगणारे अधिक.

ह्या सभागृहाच्या दाराशी आपल्या वसतिगृहाच्या नियोजित इमारतीची दोन मोठी रंगीत चित्रे लावलेली आपण येताना पाहिली असतील. ती पाहून कित्येकांनी काल देणगीचे आकडे घातले. ती चित्रे आमच्याच कार्यालयात तयार झाली आहेत. त्यांविषयी आम्हास एक कबुली द्यावयाची आहे. परंतु ती नीट कळावी म्हणून आधी ह्या विद्येची थोडी पूर्वपीठिका सांगणे आवश्यक आहे.

आपली ज्ञाती मुळात लाकडाची आणि रंध्याची. आमचे आजोबा वाड्यांच्या दारखिडक्या करीत. मोठ्या दरवाजाचे काम आले की ते लाकडाला हात लावण्यापूर्वी मालकाच्या ओसरीवर जमीन सारवून घेत आणि त्यावर खडूने त्या दरवाजाची आकृती प्रत्यक्ष मापाने काढीत. मग घरच्या कर्त्या बाईला बोलावून म्हणत, "वहिनी, ह्यातून चालून पाहा." ती माउली डोक्यावर पाण्याची घागर घेऊन त्या रेघांमधून चाले, आणि "भाऊजी, अजून चार बोटे रुंद करा, पाळणा निघाला पाहिजे," असे सांगे. आमचे सारे शास्त्र त्या चार बोटांत आले. बांधण्यापूर्वी पाहावयाचे, राहणाऱ्याने पाहावयाचे, आणि खऱ्या मापाने पाहावयाचे. यंत्रे बदलली, परंतु ह्या तीन गोष्टींपलीकडे आम्हास अद्याप काही शिकावयास मिळालेले नाही.

ही कला परदेशातही जुनी आहे. लंडनची बँक ऑफ इंग्लंड सर जॉन सोन ह्यांनी पंचेचाळीस वर्षे खपून वाढविली व सजविली. त्यांच्यापाशी जोसेफ गँडी नावाचा चित्रकार होता. सोन ह्यांच्या कल्पनांची मोठमोठी जलरंगचित्रे काढून देणे, हे त्याचे काम. १८३० साली गँडीने ह्या बँकेचे एक विलक्षण चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात ती भव्य इमारत वरून पाहिल्याप्रमाणे दाखविली होती, परंतु छपरे उडालेली, भिंती उघड्या पडलेल्या, जणू एखाद्या प्राचीन नगरीचे अवशेष. धडधाकट इमारतीचे असे चित्र काढणे अशुभ वाटेल. परंतु त्या एका चित्रात इमारतीचे अंतरंगही दिसते, तिची बांधणीही कळते, आणि मनुष्याच्या कर्तृत्वाची मर्यादाही जाणवते. पुढे १९२५ पासून त्या बँकेची पुनर्बांधणी झाली, तेव्हा बाहेरची भिंत राखून सोन ह्यांचे आतील बहुतेक काम पाडण्यात आले. चित्रातली गोष्ट शंभर वर्षांच्या आत खरी ठरली. ते पाडकाम ज्यांच्या योजनेने झाले ते हर्बर्ट बेकर आपल्याला अपरिचित नाहीत. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या दोन्ही इमारती त्यांच्याच.

नवी दिल्लीचे नाव निघाले म्हणून तेथील एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही ती पहिल्या दिवशी सांगतो. आजचे राष्ट्रपती भवन एडविन ल्युटेन्स ह्यांनी योजले आणि पुढील दोन सचिवालये बेकर ह्यांनी. दोन्ही कामे रायसीना टेकडीवर, आणि मधून चढत जाणारा रस्ता. त्या चढाच्या योजनेस १९१३ साली ल्युटेन्स ह्यांनी संमती दिली. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, खालच्या चौकातून पाहू जाता रस्त्याचा चढ मध्ये येतो आणि भवन दिसेनासे होते, दिसतो तो फक्त घुमट. त्यांची तक्रार अशी की, प्रारंभी काढलेल्या चित्राने आपली फसगत झाली. ते चित्र जमिनीपासून बरेच उंच नजर धरून काढलेले होते. तेवढ्या उंचीवरून भवन पूर्ण दिसते, परंतु मनुष्य काही आकाशातून चालत नाही. चढ बदलावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, खर्चाच्या कारणाने ती फेटाळली गेली, आणि दोन जिवलग मित्रांचे बोलणे तुटले. आजही आपण विजय चौकात उभे राहिलात तर भवन खाली दडलेले आणि घुमट तेवढा वर आलेला दिसेल. चित्रातील डोळा किती फुटांवर धरला आहे, हा प्रश्न न विचारल्याची ती दगडात कोरलेली शिक्षा आहे.

आता एका विदुषीची हकीकत सांगतो. भगिनीवर्गाने ती विशेष ध्यानात घ्यावी. मेरियन माहोनी ह्या अमेरिकेतील शिकागोच्या. जन्म १८७१ सालचा. मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रशिक्षण संस्थेतून त्यांनी १८९४ साली वास्तुकलेची पदवी घेतली. पुढे फ्रँक लॉईड राईट ह्या जगद्विख्यात वास्तुविशारदाच्या कार्यालयात त्या काम करू लागल्या. १९१० साली बर्लिनमध्ये राईट ह्यांच्या कामाचा जो चित्रसंग्रह निघाला आणि ज्याने युरोपात त्यांचे नाव झाले, त्यातील सुमारे निम्मी चित्रे मेरियनबाईंच्या हातची, असे अभ्यासक मानतात. परंतु मुखपृष्ठावर त्यांचे नाव नाही.

पुढे त्यांचा विवाह वॉल्टर बर्ली ग्रिफिन ह्यांच्याशी झाला. ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीसाठी जागतिक स्पर्धा जाहीर झाली होती. पतीने योजना आखावी व पत्नीने ती रंगवावी, अशी वाटणी झाली. दोघांनीही ती जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती. संयोजकांकडून आलेले भूमीचे नकाशे आणि त्या खोऱ्याची चित्रे एवढ्यावर, शिकागोत बसून, मेरियनबाईंनी कापडावर ते भावी नगर उभे केले. डोंगर, पाणी, मावळतीचा प्रकाश आणि त्यात लांबवर पसरलेले शहर. एकशे सदतीस योजनांतून १९१२ साली ग्रिफिन ह्यांची योजना पहिली आली. आजचे कॅनबेरा ते हेच. १९३५ साली वॉल्टर ग्रिफिन लखनौस आले, तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा व 'पायोनियर' ह्या वृत्तपत्राची इमारत त्यांनी योजली, मागाहून मेरियनबाईही येऊन कामास लागल्या. १९३७ साली लखनौतच वॉल्टर ह्यांचे देहावसान झाले. हे सांगण्याचा हेतू असा की, चित्रे काढणारा हात पुष्कळदा निनावी राहतो, परंतु लोकांचे मन त्या हातानेच जिंकलेले असते. म्हणूनच त्या हाताची जबाबदारी मोठी आहे.

संगणक ह्या विद्येत केव्हा आला, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग ह्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसह १९७२ साली आपल्या विद्यापीठाच्या इमारतींचा एक चित्रपट संगणकाकरवी तयार केला. आज तो ओबडधोबड वाटेल, परंतु मनुष्य कागदावरील इमारतीतून फिरू लागला तो तेव्हापासून. १९८० साली टर्नर व्हिटेड ह्यांनी प्रकाशाचा किरण डोळ्यापासून उलटा मागे नेऊन, तो काचेतून, आरशातून कोठे गेला ह्याचा माग घेण्याची युक्ती दाखविली. १९८४ साली कॉर्नेलमधील मंडळींनी आणखी एक गोष्ट साधली. नव्या नवरीने तांबडा शालू नेसला की तिच्या गालावर त्या तांबड्याची छटा उमटते, हे आपण लग्नघरी पाहतो. रंगीत वस्तूवर पडलेला प्रकाश तिचा रंग घेऊन शेजारच्या वस्तूवर जातो. हा हिशेब संगणकास शिकविला गेला आणि चित्रातील खोल्यांना प्रथमच ऊब आली. १९८६ साली जेम्स काजिया ह्यांनी हे सारे एका गणिती समीकरणात बसविले. आज आमची यंत्रे जे करतात ते बहुतांशी त्याच समीकरणाचे निरनिराळ्या मार्गांनी उत्तर काढणे होय.

ह्या साधनाने किती उदात्त काम होऊ शकते, त्याचे एक उदाहरण देतो. अहमदाबादची व्यवस्थापन संस्था ज्यांनी बांधली ते लुई कान जेरुसलेम येथील हुर्वा ह्या यहुदी प्रार्थनामंदिराची योजना करीत होते. जुने मंदिर १९४८ च्या युद्धात उद्ध्वस्त झाले होते. कान ह्यांनी अनेक वेळा आराखडे केले, परंतु १९७४ साली भारतातून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्यांचे आकस्मिक निधन झाले आणि मंदिर कागदावरच राहिले. पुढे केंट लार्सन ह्या वास्तुविशारदांनी त्यांच्या मूळ रेखाटनांवरून ते संगणकात बांधले आणि २००० साली कान ह्यांच्या न बांधलेल्या वास्तूंचे पुस्तकच प्रसिद्ध केले. दगडाच्या जाड भिंतींच्या फटींतून उतरणारा प्रकाश पाहिला की, हे मंदिर अस्तित्वात नाही ह्यावर विश्वास बसत नाही. २०१० साली त्या जागी जुन्याच धाटणीचे मंदिर पुन्हा उभे राहिले. तेव्हा कान ह्यांचे मंदिर आता केवळ रेखाटनांत, नमुन्यांत आणि ह्या चित्रांतच पाहावयास मिळते.

आपल्या पुण्याचा शनिवारवाडा घ्या. १७३० साली पाया, १७३२ साली वास्तुशांत, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत आग. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. तरुण मंडळी उत्साहाने संगणकात तो वाडा पुन्हा उभारतात, आणि हे कौतुकास्पद आहे. परंतु जोत्यावरून खणांची मांडणी समजते, वरच्या मजल्यांवरील नक्षी समजत नाही. ती अन्य वाड्यांवरून अनुमानाने भरावी लागते. म्हणून अशा कामासाठी विद्वानांनी लंडन येथे २००६ साली एक संहिता आखण्यास आरंभ केला. तिचे सार एवढेच की, पुराव्याचे काय आणि अनुमानाचे काय, हे पाहणाऱ्यास स्पष्ट कळले पाहिजे. आमच्या आजोबांनाही हे पटले असते. जुन्या चौकटीला नवे लाकूड जोडले तर ते जोड लपवीत नसत, "पुढच्या सुताराला कळले पाहिजे," असे म्हणत.

आता गोष्ट सांगण्याविषयी. पुष्कळांस वाटते की चित्र चांगले म्हणजे चकचकीत. तसे नाही. अ‍ॅलेक्स रोमन ह्या टोपणनावाने काम करणाऱ्या एका स्पॅनिश कलावंताने २००९ साली जवळजवळ एकट्याने सुमारे बारा मिनिटांचा चित्रपट केला. त्यात प्रसिद्ध वास्तू आहेत, कान ह्यांचे एक ग्रंथालयही आहे, आणि सारे संगणकात घडविलेले आहे. त्यात जाहिरातीचा शब्द नाही. प्रकाश सरकतो, धूळ तरंगते, दार हलते, आणि पाहणारा स्तब्ध होतो. घराची गोष्ट अशीच लहान गोष्टींतून सांगावी लागते. उंबऱ्याशी उलटी पडलेली चप्पल, दांडीवरचे ओले धोतर, जिन्याच्या कठड्याला हात लागून गुळगुळीत झालेला भाग, पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी आलेली ओल. माणूस चित्रात न दाखविताही माणूस दिसला पाहिजे. ज्या चित्रात सारी माणसे गोरीगोमटी, सारी हातात कॉफीचा पेला घेऊन हसणारी, आणि एकाही घरात देव्हारा नाही, केरसुणी नाही, म्हातारी आजी नाही, ते चित्र कोणाच्याच घराचे नसते.

२०२२ पासून तर आणखी एक प्रकार सर्वांच्या हाती आला आहे. चार शब्द लिहावे आणि यंत्राने क्षणात सुंदर इमारत दाखवावी. कल्पनेला चालना म्हणून त्याचा उपयोग आहे. परंतु त्या चित्रामागे नकाशा नसतो, मापे नसतात. तेथे जिना दिसतो, पण तो कोठे पोहोचेल ह्याची हमी नाही. म्हणून यापुढे कोणतेही चित्र पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की, ह्याच्यामागे मापाचा नकाशा आहे काय?

बंधुभगिनींनो, आता कबुलीकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका गृहबांधणीच्या कामाची चित्रे आम्ही केली होती. कोणाची, ते सांगण्याचे कारण नाही, कारण दोष आमचा होता. तेथील एका घराच्या बैठकीच्या खोलीचे चित्र केले, आणि खिडकीबाहेर हिरवा डोंगर दाखविला. "खोटे काढा" असे आम्हास कोणी सांगितले नव्हते. "जरा प्रसन्न करा," एवढेच शब्द होते. पुढे दोन वर्षांनी एक सेवानिवृत्त शिक्षक पत्ता शोधीत आमच्या कार्यालयात आले. पिशवीतून त्यांनी ते छापील चित्र काढले. घड्या पडून पडून ते कोपऱ्यांना फाटले होते. ते म्हणाले, "ह्या खिडकीत बसून वाचन करीन, म्हणून आयुष्याची पुंजी घातली. मला समोर भिंत दिसते. मी भांडावयास आलो नाही. हा डोंगर आपण कोठून आणला, एवढेच विचारावयास आलो आहे." तो डोंगर आम्ही दुसऱ्याच जिल्ह्यातील एका छायाचित्रातून उचलला होता. आम्ही त्यांना चहा दिला, उत्तर देऊ शकलो नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आता सांगतो की, जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्याचे नुकसान झाल्यास त्यास भरपाई मिळाली पाहिजे. कायदा योग्यच आहे. परंतु फाटक्या घडीचे ते चित्र कोणताही कायदा परत घेऊ शकत नाही.

इतके होऊनही मनुष्याची सवय जात नाही. आपल्या वसतिगृहाची चित्रे करताना आम्ही पुन्हा तेच केले. देणगीदारांचे मन प्रसन्न व्हावे, हा हेतू. आत चौक दाखविला, चौकात सोनेरी ऊन दाखविले, मधोमध आपला जुना कडुनिंब दाखविला. आठ दिवसांपूर्वी आम्ही ही चित्रे लावावयास आलो, तेव्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील काकू हात पुसत बाहेर आल्या. कितीतरी वर्षे त्या आपल्या मुलांना जेवू घालीत आहेत. बराच वेळ चित्राकडे पाहून त्या म्हणाल्या, "दादा, छान आहे हो. पण थंडीत ह्या चौकात ऊन येईल का? मुलांच्या गाद्या कुठं घालायच्या?"

आम्ही घरी आलो आणि संगणकात तारीख घातली २२ डिसेंबर, स्थळ पुणे. चित्रातले ऊन आम्ही हाताने ठेवले होते. आता सूर्यालाच विचारले.

हिशेब सोपा आहे, कोणीही ताडून पाहावा. पुणे साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरच्या त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. अशा वेळी पन्नास फूट उंच भिंतीची सावली पंचेचाळीस फूट पडते. आपल्या योजनेत दक्षिणेचे अंग पाच मजली, सुमारे पन्नास फूट उंच, आणि चौकाची रुंदी तीस फूट. म्हणजे सावली चौक ओलांडून समोरच्या भिंतीवर पहिल्या मजल्यापर्यंत चढते. सकाळ-संध्याकाळ तर ती अधिकच लांबते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, साडेतीन महिने, त्या चौकाच्या जमिनीला ऊन लागणार नाही. आणि कडुनिंब? नकाशा पुन्हा पाहिला, तर जेथे झाड उभे आहे तेथेच जमिनीखाली पाण्याची टाकी दाखविली आहे. झाड राहणारच नाही. ते चित्रात होते, कारण ते आम्हास आवडत होते.

अध्यक्षमहाराज, दाराशी लावलेल्या दोन चित्रांपैकी चौकाचे चित्र खोटे आहे. ते आम्ही केले आहे, आणि ते आज सायंकाळी आम्ही स्वतः उतरविणार आहोत. त्या चित्रावरून ज्यांनी देणगीचे आकडे घातले, त्यांनी फेरविचार केला तर त्यांना दोष देऊ नये.

परंतु केवळ खंत व्यक्त करून बसणे आपल्या धंद्याला शोभत नाही. चौकट चुकली तर सुतार ती पुन्हा करतो. गेल्या आठवड्यात वास्तुविशारदांशी बोलून आम्ही दुसरी मांडणी करून पाहिली. दक्षिणेचे अंग दोन मजली, सुमारे वीस फूट, ठेवले आणि वरचे मजले उत्तरेच्या अंगावर नेले. तर त्याच डिसेंबरच्या दुपारी सावली अठरा फुटांवर थांबते आणि चौकाची उत्तरेकडील बारा फुटांची पट्टी उन्हात राहते. तेवढ्यात गाद्या वाळतात, परीक्षेच्या दिवसांत मुले पुस्तक घेऊन बसतात. टाकी पुढच्या अंगणाखाली नेता आली तर झाडही राहील. उत्तरेकडे मजले वाढल्याने खर्च वाढेल. तो किती, ते वास्तुविशारद सर्वसाधारण सभेपुढे मांडतील. निर्णय सभेचा आहे. आमचे काम दोन्ही गोष्टी खऱ्या स्वरूपात आपणापुढे ठेवणे.

त्यासाठी सभेपूर्वी आम्ही प्रत्येक योजनेची तीन चित्रे विनामूल्य करून देऊ. एक डिसेंबरातील दुपारचे. दुसरे जुलैतील संध्याकाळचे, पाऊस पडत असताना, दिवे लागलेले, छत्र्या आणि ओल्या चपला जिन्याशी. तिसरे रात्रीचे, अभ्यासाच्या वेळचे. डोळा जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे उभ्या मुलाच्या उंचीवर असेल. शेजारची उंच इमारत चित्रात असेल. जे नकाशात नाही ते चित्रात नसेल, आणि जे अनुमानाने घातले असेल त्याची नोंद चित्राखाली असेल. घरोघरी आपण जी सदनिकांची चित्रे पाहता, त्यांनाही हेच विचारावे. डोळा किती उंचावर? सूर्य कोणत्या महिन्याचा, कोणत्या दिशेचा? शेजारी काय आहे? आपल्या भागात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ सोडला, तर दुपारचे ऊन दक्षिणेकडूनच येते. उत्तरेच्या सज्जात बारा महिने ऊन खेळताना दाखविले असेल, तर तेथे थांबून प्रश्न करावा.

दुसरी विनंती जुन्या इमारतीविषयी. नवी होईल तेव्हा ती पाडली जाईल, हे आता निश्चित दिसते. तिचे माप अद्याप कोणी घेतलेले नाही. आमचा विचार असा की, पाडण्यापूर्वी ती पूर्ण मोजून संगणकात जशीच्या तशी उभी करावी, कडीपाटासह, पायरी झिजली आहे त्या झिजेसह. भिंती आम्ही मोजू. परंतु त्यांतली गोष्ट आपणापाशी आहे. कोणाच्या खोलीत कोण राहात होते, पंगत कोठे बसे, परीक्षेच्या रात्री कंदील कोठे टांगीत, गावाकडून आलेले वडील कोणत्या पायरीवर मुलाची वाट पाहात बसत. ज्यांच्यापाशी जुनी छायाचित्रे, पत्रे वा नुसत्या आठवणी असतील त्यांनी संस्थेच्या कार्यालयात द्याव्या. मूळ प्रत परत मिळेल. पुराव्याचे काय आणि आठवणीचे काय, हे आम्ही निरनिराळे नोंदवू, कारण दोन्हींचा मान वेगळा आहे.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी. ही विद्या शिकण्यास आता फार पैसा लागत नाही. 'ब्लेंडर' नावाची एक उत्कृष्ट संगणकप्रणाली आहे. ती चालविणारी कंपनी बंद पडली, तेव्हा टॉन रोसेंडाल ह्या डच गृहस्थांनी २००२ साली ती सर्वांस मुक्त करण्यासाठी जगभर वर्गणी मागितली, आणि काही आठवड्यांतच एक लक्ष युरो जमले. तेव्हापासून ती कोणालाही विनामूल्य मिळते. वर्गणीची ताकद आपल्या संस्थेस सांगावयास नको. हे वसतिगृह वर्गणीवरच उभे राहिले. जुन्या इमारतीचे माप घेण्याच्या कामी ज्ञातीतील मुलामुलींनी यावे. रविवारी सकाळी आम्ही शिकवू. येताना फक्त मोजपट्टी आणि वही आणावी.

आमचे आजोबा ओसरीवर खडूची रेघ मारीत आणि घरच्या बाईला तीतून चालावयास सांगत. ती रेघ पुसून गेली, वाडाही आता उरला नाही, परंतु तो पाळणा त्या दरवाजातून निघाला, त्याच पाळण्यात आमचे वडील वाढलेल्या एका मित्रांनी हे आम्हास सांगितले आहे. आपल्या वसतिगृहाच्या बाबतीतही घागर घेऊन चालून पाहणारी एक माउली भेटली, हे आपले भाग्य. काकू आज येथे मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे आम्ही जाहीर आभार मानतो.